उबंटू २०.०४ नंतर काय? रोज मराठी टंकणाऱ्याने डेबियन, मिंट, फेडोरा यांतलं काय घ्यावं?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. घरून मराठी मुद्रितशोधन आणि भाषांतराची कामं करते. लॅपटॉप २०१६ च्या सुमाराचा आहे: सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, इंटेलचंच ग्राफिक्स. मूळची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली आहे. त्यावर उबंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली चालते आणि अजूनही छान चालते. पण त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. बँकेचे व्यवहार याच मशीनवर होतात, त्यामुळे आता हलायला हवं.

२०.०४ वरून २४.०४ वर एका उडीत जाता येत नाही, आधी २२.०४ करावं लागतं. एवढा खटाटोप करायचाच असेल तर दुसरी डिस्ट्रोच (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची तयार प्रणाली) का घेऊ नये, असा विचार सुरू झालाय.

माझी गरज सांगते. दिवसभर इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) टंकन. लिब्रेऑफिस रायटर. प्रकाशकांकडून येणाऱ्या फायली, त्यातल्या बऱ्याच मंगल फॉन्टमधल्या, आणि काही जुन्या, युनिकोडच्या आधीच्या. एक लेझर प्रिंटर आहे, त्याचा ड्रायव्हर कंपनी फक्त डेब पॅकेजच्या (डेबियन, उबंटू, मिंटवर चालणाऱ्या) रूपात देते. फायरफॉक्समध्ये कित्येक वर्षांचे बुकमार्क आणि पासवर्ड साठलेत. गेम खेळत नाही, प्रोग्रामिंग करत नाही. टर्मिनलची भीती नाही, पण आज्ञा काय करते ते समजल्याशिवाय ती चालवत नाही.

यूट्यूबवर या विषयाचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण बहुतेक सगळे डॉक, थीम आणि वॉलपेपरवर बोलतात. मला हे हवंय: डिस्ट्रो बसवल्यावर सहा महिन्यांनी काय होतं? दोन वर्षांनी काय होतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

टेकडीवरचा

मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप. घरातल्या तीन मशीनवर तेच आहे. २०२९ पर्यंत बघायला नको.

काळी_खिडकी

ताई, तुमचे शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कर्नल (प्रणालीचा गाभा) सगळीकडे एकच, लिब्रेऑफिस एकच, फायरफॉक्स एकच. डेस्कटॉप तर कुठल्याही डिस्ट्रोवर हवा तो बसवता येतो. खरा फरक तीन बाबतींत पडतो. नवी आवृत्ती किती दिवसांनी येते, जुनी किती वर्षं सांभाळली जाते, आणि सांभाळणारे कोण आहेत. डिस्ट्रो निवडताना मी फक्त एवढंच बघतो.

डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १३ वी, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यात कर्नल ६.१२ आहे आणि लिब्रेऑफिस २५.२. हे आकडे आता जवळपास गोठले. पुढे सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येत राहतील, पण रायटरचा मेनू एका सकाळी बदललेला दिसणार नाही. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, त्यानंतर दोन वर्षं एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट), म्हणजे २०३० पर्यंत. मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभं आहे, म्हणून त्याची मुदत २०२९. फेडोराचा वेग निराळा: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने. आर्च आणि ओपनसुसे टंबलवीडमध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही, बदल सतत येत असतात.

ज्याचं पोट टंकनावर चालतं त्याने संथ गतीचीच डिस्ट्रो घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. चारशे पानांचं पुस्तक अर्ध्यावर असताना शब्द तोडण्याची किंवा फॉन्ट बदली करण्याची पद्धत बदलली, तर ते निस्तरायचं तुम्हालाच. नवं हवंच असेल, तर ते दोन वर्षांतून एकदा, हातात काम नसताना, आपण ठरवलेल्या आठवड्यात यावं.

डेबियनबद्दल एक जुनी भीती अजून फिरते, की वायफाय चालत नाही आणि फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) वेगळं शोधावं लागतं. पूर्वी ते खरं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून, मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घालायचं ठरवलं. १२ व्या आवृत्तीपासून ते आत असतं.

आणखी एक. डेबियनचा इन्स्टॉलर रूट (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड विचारतो. ती जागा रिकामी सोडली, की उबंटूसारखा तुमच्याच खात्याला सुडो (रूटचे अधिकार वापरायची आज्ञा) मिळतो. नवखे बहुतेक इथेच अडतात.

सोनचाफा

काळी_खिडकी, 'सांभाळणारे कोण' हा मुद्दा जरा सोडवून सांगाल का? वापरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

काळी_खिडकी

सेंटओएस या डिस्ट्रोचं उदाहरण घ्या. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे असं धरून लोकांनी मशीनं उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ अखेर संपणार. त्यातूनच पुढे रॉकी आणि अल्मा या डिस्ट्रो निघाल्या. तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीला स्वतःचं धोरण बदलायचा हक्क आहेच. पण त्यामुळे वापरणाऱ्यांची आठ वर्षं गेली, हेही खरं.

डेबियनच्या मागे कंपनी नाही. १९९३ पासून स्वयंसेवक ती चालवतात, दरवर्षी निवडणुकीने प्रकल्पप्रमुख ठरतो, आणि मोठे निर्णय मतदानाने होतात. तिथे निर्णयाला वेळ लागतो, पण एका बैठकीत दिशा फिरत नाही. मला हे मोलाचं वाटतं. ज्यांना कंपनीचा फोन नंबर हवा असतो, त्यांना उलट वाटेल.

रानपाखरू

सगळे डेबियनकडे ओढताहेत म्हणून फेडोराची बाजू मांडतो.

तेरा महिन्यांचा आकडा ऐकून लोक बिचकतात, पण एक आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर जायची सोय अधिकृत आहे. म्हणजे प्रत्यक्षात वर्षातून एकदाच अपग्रेड करायचं. पुण्यात ऑफिसच्या लॅपटॉपवर मी बरीच वर्षं हेच करतोय. मशीन नवीन असेल तर फेडोराचा ताजा कर्नल आणि मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) यांचा खरा उपयोग होतो. बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट आहे, शिवाय रॅम कमी असेल तर झेडरॅमची (रॅममधला मजकूर आक्रसून ठेवणारी सोय) मदत होते.

आणि मराठीशी फेडोराचं नातं जुनं आहे. लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्यावर दिले, आणि त्यांची निगा बरीच वर्षं पुण्याच्या कार्यालयातून राखली गेली. आज प्रत्येक डिस्ट्रोवर देवनागरी व्यवस्थित दिसते, त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

निळी_शाई ताईंना मात्र मी फेडोरा सुचवणार नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त डेबमध्ये असेल तर आरपीएमच्या (फेडोराच्या पॅकेज पद्धतीच्या) जगात येऊन उगाच झगडावं लागेल. शिवाय काही व्हिडिओ कोडेकसाठी आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं पॅकेज भांडार वेगळं जोडावं लागतं. त्यांच्या मशीनला ताज्या कर्नलची गरजही नाही.

घाटमाथा

उबंटू सोडायलाच हवं का, याचा विचार कुणीच केला नाही. उबंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे. खातं काढून टोकन जोडलं, की २०.०४ ला २०३० पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ताई, घाई असेल तर आज एवढंच करा आणि निर्णय निवांत घ्या.

निळी_शाई

घाटमाथा, मनापासून आभार. हे मला ठाऊक नव्हतं. आजच जोडलं आणि दुरुस्त्यांची मोठी रांग उतरली. बँकेची चिंता तूर्त मिटली.

पण लिब्रेऑफिस ६.४ वरच राहणार ना? प्रकाशकांच्या डॉक्स फायलींमधल्या तळटीपा आणि तक्ते त्यात विस्कटतात. नवी आवृत्ती हवीच आहे, म्हणून चर्चा चालू ठेवू या.

घाटमाथा

हो, प्रोमध्ये दुरुस्त्या येतात, नवी आवृत्ती नाही. आणि २२.०४ वर गेलात की फायरफॉक्स स्नॅप (उबंटूच्या बंदिस्त पॅकेज पद्धतीतला) होतो, हेही लक्षात असू द्या. मला स्वतःला स्नॅपचं वावडं नाही. प्रत्येक ॲप बंदिस्त राहतं आणि आपोआप अद्ययावत होतं. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी मोझिला २०२४ पासून स्वतःच डेब देते. मिंटने तर २०२० मध्ये २० व्या आवृत्तीत स्नॅपची वाटच बंद केली, कारण वापरणाऱ्याला न विचारता क्रोमियम ब्राउझरच्या डेबमागून स्नॅप बसतो, हे त्यांना पटलं नाही.

अक्षरवेल

मी गेली अनेक वर्षं लिनक्सवर मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. डिस्ट्रो कुठली यापेक्षा पुढच्या गोष्टी जुळल्या का, ते पाहा. मराठीतून यावर फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा लांबण लावते.

टंकनाचे दोन मार्ग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. इन्स्क्रिप्टमध्ये एका कळीला एक वर्ण असतो, म्हणून ती थेट कीबोर्डची मांडणी म्हणून लावता येते. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत भारतीय मांडणी जोडा, झालं. आयबस (कळींतून अक्षरं जुळवणारा मधला प्रोग्राम) लागत नाही, काही बसवावं लागत नाही, आणि नुसत्या लाइव्ह पेनड्राइव्हवरही (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या प्रणालीवरही) चालते. गमभन किंवा आयट्रान्ससारख्या उच्चारानुसारी पद्धतीत दोन-तीन कळी मिळून एक अक्षर होतं, ते जुळवायला मध्ये आयबस आणि त्याला जोडायचं एम१७एन लागतात. ग्नोम डेस्कटॉपमध्ये आयबस मुळातच विणलेलं असतं. सिनॅमनमध्ये इनपुट मेथड वेगळी निवडून एकदा लॉग आउट करावं लागतं. 'मिंटवर मराठी येत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा या लॉग आउटपाशीच अडलेलं असतं.

आता मंगल. हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट, लिनक्सवर येत नाही. फाइल उघडली की त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो. अक्षरं दिसतात, पण रुंदी आणि ओळींची उंची वेगळी असल्यामुळे पानं सरकतात. एरियल, टाइम्ससाठी लिबरेशन आणि कॅलिब्रीसाठी कार्लिटो हे मापाने जुळवलेले फॉन्ट आहेत, त्यामुळे इंग्रजी मजकूर जागचा हलत नाही. मराठी हलतो. यावर माझे दोन नियम आहेत. लिब्रेऑफिसच्या फॉन्ट बदलीच्या तक्त्यात मंगलच्या पुढे एकच फॉन्ट कायमचा ठरवून टाकायचा, म्हणजे आज एक आणि उद्या दुसरा असं होत नाही. आणि पान क्रमांकावर बोलायचं असेल तर प्रकाशकाकडून पीडीएफही मागवायची. पाठवणाऱ्याला फाइलच्या गुणधर्मांत जाऊन फॉन्ट एम्बेड करायला सांगितलं तर आणखी चांगलं.

लिब्रेऑफिस नवीन बसवल्यावर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू आहे ना ते बघा आणि तिथे मराठी निवडा. रायटरमधल्या प्रत्येक शैलीत रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा नोंदलेला असतो. हे माहीत नसलं की माणूस फॉन्ट बदलत राहतो आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही.

युनिकोडपूर्व फायलींसाठी त्या फॉन्टची टीटीएफ फाइल तुमच्याकडे असेल, तर ती होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाका. कुठल्याही डिस्ट्रोवर दिसेल. पण ते फक्त दिसणं झालं, त्यात शोधता येत नाही. काम हातात घेण्याआधी रूपांतर करूनच घ्या, आणि रूपांतरानंतर रफार आणि ऱ्य, ऱ्ह डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच दडलेल्या असतात.

म्हणून माझा सल्ला असा, की तिन्ही डिस्ट्रो लाइव्ह पेनड्राइव्हवर घ्या आणि तुमच्याच तीन कठीण फायली प्रत्येकीवर उघडा. प्रिंटरचा डेबही लाइव्हमध्येच बसवून एक पान छापून बघा. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं, डिस्कला धक्का लागत नाही.

टेकडीवरचा

अक्षरवेल ताई, वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका, ही विनंती.

खडू_फळा

थोडं विषयांतर करतो, माफी असावी. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात दहा जुनी मशीनं आहेत, काहींवर ३२ बिटची प्रणाली आहे. सी-डॅकची बॉस लिनक्स का सुचवत नाही कुणी? भारतीय भाषांसाठीच केलेली आहे ना?

काळी_खिडकी

सर, विषयांतर अजिबात नाही. बॉसची पायाभरणी डेबियनचीच आहे आणि भारतीय भाषांचा आधार हा तिचा हेतू आहे. पण वर म्हटलेल्या तीन कसोट्या तिलाही लावा. नवी आवृत्ती डेबियननंतर किती दिवसांनी येते ते बघा. अडचण आली तर विचारायला माणसं किती, तेही बघा. मी मूळ डेबियन घेईन आणि भाषा वर चढवीन, कारण भाषेचे भाग आता सगळीकडे तेच आहेत.

३२ बिटबद्दल एक सांगतो. डेबियन १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलर नाही, १२ मध्ये आहे. पण आधी प्रोसेसर तपासा. पुष्कळ ठिकाणी प्रणाली ३२ बिटची असते आणि प्रोसेसर ६४ बिटचा निघतो. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' लिहिलंत की ऑप-मोडच्या ओळीत कळेल. ६४ निघाला आणि रॅम ४ जीबी असेल, तर डेबियन १३ एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह बसवा. मुलांना पुरेल.

निळी_शाई

आता होम फोल्डरचं काय करायचं ते सांगा. मला सगळं जसंच्या तसं हवंय.

काळी_खिडकी

सगळं जसंच्या तसं नेऊ नका, ताई. कागदपत्रं, फोटो, फॉन्ट, फायरफॉक्सचं प्रोफाइल आणि लिब्रेऑफिसचा शब्दकोश एवढंच न्या. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जुन्या ग्नोमच्या सेटिंग्ज असतात. त्या नव्या डेस्कटॉपवर लादल्या की विचित्र बिघाड दिसतात आणि कारण सापडत नाही. आधी सगळं होम बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फायली उघडून बघा. टाइमशिफ्टच्या भरवशावर राहू नका. ते प्रणालीची प्रत घेतं, होम फोल्डर मुळात सोडून देतं.

फायरफॉक्सचा मात्र नीट विचार करा. डेबियन ईएसआर (संथ गतीची, दीर्घ मुदतीची) आवृत्ती देते. तुमचं प्रोफाइल सध्याच्या नेहमीच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीने वापरलेलं आहे. पुढच्या आवृत्तीचं प्रोफाइल मागच्या आवृत्तीत उघडायला फायरफॉक्स नकार देतो आणि नवीन प्रोफाइल करायला सांगतो. बुकमार्क आणि पासवर्ड गेले असं वाटून लोक इथे घाबरतात. ते जागच्या जागी असतात. एक तर सिंक (फायरफॉक्सच्या खात्यातून माहिती नेणं) वापरा, नाहीतर मोझिलाचा डेब बसवा, नाहीतर…

अक्षरवेल

…नाहीतर एलएमडीई घ्या. मी तेच लिहायला आले होते. लिनक्स मिंटचीच, पण उबंटूऐवजी थेट डेबियनवर उभी केलेली आवृत्ती. ७ वी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, तिचा पाया डेबियन १३. लिब्रेऑफिस डेबियनचं २५.२, डेस्कटॉप सिनॅमन, आणि फायरफॉक्स मिंटच्या भांडारातला नेहमीचा. उबंटू उद्या नसलं तरी मिंट चालू राहावं, यासाठी त्यांनी ही शाखा जिवंत ठेवली आहे.

उणीव एकच सांगते: मुख्य मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर यात नाही, त्यामुळे एनव्हिडियावाल्यांनी मुख्य मिंटच घ्यावं. ताईंचं ग्राफिक्स इंटेलचं आहे, त्यांचं काही अडत नाही.

टेकडीवरचा

एलएमडीई माझ्या डोक्यातच आली नव्हती. वरचं वाचल्यावर माझंही मत हेच. +१.

निळी_शाई

मंडळी, काम झालं. पुढे कुणाला लागेल म्हणून लिहून ठेवते.

तिन्ही पेनड्राइव्हवर तपासणी केली: डेबियन १३, मिंट २२ आणि एलएमडीई ७. प्रिंटर तिन्हींवर चालला. सगळ्यात कठीण फाइल होती एका कोशाची, प्रत्येक पानावर तळटीपा आणि दोन स्तंभ. २०.०४ मधल्या रायटरमध्ये तळटीपा स्तंभ सोडून पळायच्या. मिंट २२ मधल्या २४.२ ने त्या जाग्यावर ठेवल्या, २५.२ नेही ठेवल्या. म्हणजे लिब्रेऑफिसच्या बाबतीत दोन्ही चालल्या असत्या.

शेवटी एलएमडीई घेतली, कारण संथ गती हवी होती आणि फायरफॉक्सचं प्रोफाइल जसंच्या तसं हवं होतं. नव्या फायरफॉक्सने आपलं कोरं प्रोफाइल उघडलं, तेव्हा 'अबाउट:प्रोफाइल्स' या पत्त्यावर जाऊन जुनं फोल्डर दाखवलं. सगळे पासवर्ड आले. सिंकचं खातं काढावं लागलं नाही.

मंगलच्या पुढे नोटो सॅन्स देवनागरी कायमचा ठरवला. प्रकाशकांना पीडीएफची विनंती केली, दोघांनी लगेच मान्य केली. इन्स्क्रिप्ट थेट मांडणी म्हणून लावली आहे आणि आयबस बंद आहे. लिनक्सवर इतकी वर्षं टंकन करते, पण या दोन मार्गांतला फरक कुणी इतका स्वच्छ सांगितला नव्हता. अक्षरवेल ताई, तुमचे खास आभार.

एक प्रश्न उरला. भाषांतराच्या बिलांत रुपयाचं चिन्ह लागतं. थेट मांडणीत ते कुठे आहे?

अक्षरवेल

उजवा ऑल्ट आणि ४. ऱ्य साठी शिफ्ट-जे, डी, आणि तिरक्या रेघेची कळ, हे तुम्हाला येतच असेल.

निळी_शाई

आलं. ₹. आजच्या बिलात टाकलं.

खडू_फळा

आमच्याकडे दहापैकी आठ मशीनं ६४ बिटची निघाली. शनिवारी डेबियन १३ एक्सएफसीई बसवायला घेतोय. अडलं तर याच धाग्यावर विचारतो.